‘उठू नको’ आबा

“उठू नको. पडेल ऱ्हाय तसाच. हात हलवू नको, पाय हलवू नको, जीभ तर बिलकूल हलवू नको.”

हा आरडाओरडा माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी चालला होता आणि मी जळगावात पिंप्राळ्याच्या रस्त्यावर, रेल्वे फाटकाच्या अलीकडे, धुळीत उताणा पडलो होतो. एका काळ्या मोटरीने मागून असा दणका दिला होता की मी सायकलवरून जो उडालो तो थेट तारेवर बसलेल्या चिमण्यांच्या रांगेत गेलो, त्यांची विचारपूस केली आणि मग सावकाश खाली आलो. सायकलची जिलबी झाली होती. अशा वेळी आपल्याकडचा कोणताही माणूस जे करतो तेच मी करायला निघालो होतो. म्हणजे लाजत उठायचं, धोतराची धूळ झटकायची आणि उलट मोटरवाल्यालाच धीर द्यायचा, की काही नाही हो, काही लागलं नाही, जा तुम्ही. उठायला म्हणून कोपर टेकलं, तर त्या आवाजाचा मालक येऊन सरळ माझ्या छातीवर बसला. मोटरवाल्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, “लागलं तर नाही ना, भाऊ?” मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं आणि त्यावर कातचुन्याने रंगलेला एक पंजा येऊन बसला.

“त्याले काय इचारतस? तो बेशुद्ध शे,” छातीवरचा माणूस म्हणाला.

मी डोळे उघडे ठेवून बेशुद्ध झालो. ‘उठू नको’ आबांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

आबांची फाटकाशेजारी पानाची टपरी होती. अंगाने काडी, डोक्यावर काही नाही, आणि डाव्या पायाचं पाऊल अर्धं, त्यामुळे चालताना दर पावलाला जमिनीला नमस्कार केल्यासारखे वाकायचे. पण आवाज असा की त्यांनी फाटकावर ‘उठू नको’ म्हटलं की भुसावळला शंटिंग करणारं इंजिन जागच्या जागी उभं राहायचं. रस्त्यावर ब्रेकचा कर्कश आवाज झाला की हातातलं पान तसंच टाकून आबा लंगडत धावत सुटायचे, आणि अर्धा पाय असलेला हा माणूस दोन धड पायांच्या पोलिसाच्या कितीतरी आधी पोचायचा. पुढे मी माझं सायकलीचं दुकान त्यांच्या टपरीला लागूनच थाटलं. जागा धंद्याची होती. मोटरी माझ्यासाठी गिऱ्हाइकं पाडत आणि आबा ती उठू देत नसत.

आबांचं म्हणून एक शास्त्र होतं. मोटरीने माणूस पाडला की आधी मोटर हलू द्यायची नाही. “मोटर हलनी का खरं बी हलनं,” ते म्हणायचे. पोलीस पंचनाम्याला येईपर्यंत रस्त्यावर खूण कशाने करायची? तर कमरेच्या चंचीतून चुन्याची डबी काढून आबा मोटरीच्या चारही चाकांभोवती बोटाने पांढऱ्या रेघा ओढत. पानाला लावतात तो चुना. तेवढ्यात गर्दीतल्या दोघातिघांना दंडाला धरून बाजूला उभं करत आणि दम देत, “तुम्ही पाह्यलं. घरी जाऊन इसरू नका.” मग पडलेल्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. उद्या गेलास तर डॉक्टर लिहील, की हा काल कुठे होता.

आणि सगळ्यात अवघड भाग त्यानंतरचा. काही दिवसांनी इस्त्रीची प्यांट घातलेला एक गृहस्थ घरी येतो, फार गोड बोलतो, मुलाबाळांची चौकशी करतो. तो विमा कंपनीचा. “त्याले पानी द्या, चहा द्या,” आबा सांगायचे, “खुशाली नका देऊ.” कारण आपल्याकडे कोणी ‘कसं शे?’ विचारलं की माणूस तिरडीवर असला तरी मान उचलून ‘बरं शे’ म्हणतो. पाहुण्यापुढे दुखणं मांडायचं म्हणजे घराची अब्रू चव्हाट्यावर आणणं. आबांचं म्हणणं असं, की खानदेशात मोटरीखाली जितके दावे मेले नसतील तितके ह्या दोन शब्दांखाली मेले.

हे शास्त्र ते आईच्या पोटातून शिकून आले नव्हते. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे आबा एका जिनिंगमध्ये रुईच्या गाठींवर मार्का रंगवायचं काम करत. पाचोऱ्याला गावाकडे गेले असताना एका लॉरीचं मागलं चाक त्यांच्या पायावरून गेलं. लॉरीवाला माणूस भला. गावातल्या चार मोठ्या माणसांना घेऊन घरी आला, नारळ आणला, टॉवेल-टोपी आणली. आबा खाटेवर पडलेले. दारात पाहुणे आलेत म्हटल्यावर उठून बसले, हात जोडले, मान पुढे केली. लॉरीवाल्याने स्वतःच्या हाताने डोक्यावर टोपी चढवली आणि विचारलं, कसं शे? आबा म्हणाले, बरं शे, तुमची कृपा. पुढे पाय सडला, डॉक्टरने अर्धं पाऊल कापलं, काम गेलं, तेव्हा आबांनी दावा लावला. समोरच्या वकिलाने कोर्टात फक्त दोन गोष्टी विचारल्या. टोपी घेतली होती का? आणि खुशाली विचारली तेव्हा काय म्हणालात? आपल्याकडे टोपी स्वीकारली म्हणजे भांडण मिटलं, हे कोर्टातल्या पंख्यालासुद्धा ठाऊक. ती टोपी आबांनी टपरीत पानांच्या टोपलीवर खिळ्याला टांगून ठेवली होती. पुन्हा कधी घातली नाही. नवखं गिऱ्हाईक विचारायचं, “आबा, ही टोपी कोनाची?” आबा चुना लावता लावता सांगायचे, “टोपी नही. तो मन्हा पाय शे.”

एकदा फाटकाजवळ एका मोटरीने केळीची बैलगाडी उलटवली. घडांचा असा सडा पडला की सातपुड्यातली माकडं चारची गाडी धरून आली. गाडीवान खाली, बैल खाली. गाडीवानाला आबांनी नेहमीप्रमाणे निजवलंच. पण बैल धडधाकट होता, तो उठायला लागला. आबा त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, “पडेल ऱ्हाय.” बैल पडून राहिला, आणि पंचनामा संपेपर्यंत त्याने शेपटीने माशीसुद्धा वारली नाही. ज्यांना खोटं वाटत असेल त्यांनी त्या बैलाला विचारावं.

आबांची बायको अक्का. आबा जितके बोलत तितक्या अक्का गप्प असत. त्या गोधड्या शिवत. टाका असा बारीक आणि सरळ, की मुंग्या ओळीने चालायचं अक्कांच्या गोधडीवरच शिकल्या असाव्यात. पिंप्राळ्यात मूल जन्मलं की आधी अक्कांकडे जुनी लुगडी जात, मग नाव ठरे. घर चालत होतं ते ह्या सुईवर. टपरीतली निम्मी पानं आबा मोटरीने पाडलेल्यांना फुकटच चारत.

दोघं एका लग्नाला धुळ्याला गेली होती. पांझरा नदीच्या पुलावरून चालली होती, आबा थोडे पुढे, अक्का मागे. सरकीच्या एका व्यापाऱ्याची मोटर समोरच्या गाडीला चुकवायला म्हणून कडेला आली आणि अक्कांचा उजवा हात मोटर आणि पुलाचा कठडा ह्यांच्या मध्ये सापडला, त्या खाली पडल्या. आबा वळले. दुसरा एखादा नवरा काय म्हणून धावला असता ते मला माहीत नाही. आबांच्या तोंडून निघालं, “उठू नको.”

अक्का उठल्या नाहीत. आबांनी चंची सोडली, चुन्याची डबी काढली आणि आधी चारही चाकांभोवती रेघा ओढल्या. साक्षीदार धरले. पोलीस आला, फीत लावली, लिहून घेतलं. तोवर अक्का कठड्याशी पडून वर आभाळाकडे बघत होत्या. हे मला आबांनीच सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. इतका स्वच्छ पंचनामा खानदेशात झाला नव्हता म्हणे. फौजदाराने स्वतः विचारलं, हा चुना कोणी मारला?

धुळ्याच्या डॉक्टरने हात प्लास्टरमध्ये घातला, त्याच दिवशीचा दाखला दिला. पुढे प्लास्टर निघालं. हाड जुळलं होतं, हात बघायला पहिल्यासारखा सरळ होता. पण अक्कांनी सुई हातात घेतली ती खाली ठेवली आणि पुन्हा घेतली नाही. आलेली लुगडी घडी करून परत गेली. आता ह्या घरात दाव्याशिवाय दुसरं काही शिवायला उरलं नव्हतं. तो लागला तर दोघांचं म्हातारपण निभावणार होतं, आणि खिळ्यावरची ती टोपीही खाली उतरणार होती. आबा तसं बोलले नाहीत, पण त्या दिवसांत येता-जाता टोपीकडे बघायचे.

टपरीमागच्या घरात अक्कांच्या हातून भांडी पडायची. पाण्याचा लोटा निसटला की आबा टपरीतून ओरडत, “पडू दे. कोर्टात बी अस्साच पाड.” एकदा मी वाटीभर तिखट मागायला गेलो तर अक्का त्याच हाताने चुलीतले निखारे सारखे करत होत्या, चिमटा बाजूला पडलेला. मी तडक नाक्यावर आलो आणि जाहीर केलं की अक्कांचा हात आता लोखंडाचा झालाय, उद्यापासून फाटकाचे रूळ त्याच वाकवणार. सगळे हसले. आबा तेवढे हसले नाहीत. म्हणाले, “तारखेपर्यंत असं बोलू नको. कोनी ऐकं तर हात बरा शे म्हनतील.”

व्यापारी एकदा घरी आला. बरोबर मुनीम, इस्त्रीची प्यांट, फळांची करंडी, लुगडं आणि नारळ. आबांनी दारातच खुर्च्या मांडल्या. पाणी दिलं. चहा दिला. खुशाली दिली नाही. व्यापारी म्हणाला, “अक्कांना भेटून जातो, विचारून जातो कसं काय ते.” आबा म्हणाले, “कोर्टात इचारा. तठे सांगतील.” लुगडं करंडीत, करंडी मोटरीत, मोटर धुळ्याला. त्या दिवशी आबांनी अख्ख्या फाटकाला फुकट पानं खिलवली. पिंप्राळ्याचा रस्ता इतका लाल झाला की कोणाला वाटावं इथे फार मोठा अपघात झालाय.

मग तालीम सुरू झाली. अक्कांना बोलायची सवय नव्हती, म्हणून रोज टपरी बंद झाली की आबा त्यांना समोर बसवत. मी समोरचा वकील. अंगात माझंच काळं जाकीट, हातात सायकलचा पंप.

“बाई, हात दुखतो का?” मी गरजायचो.

“दुखस,” अक्का म्हणायच्या.

“किती?”

“बहुत.”

“बहुत नको,” आबा म्हणायचे. “मरनाचं म्हन.”

“मरनाचं,” अक्का म्हणायच्या, बाजारात मेथीचा भाव सांगावा तशा. आबा समाधानाने मान डोलवायचे. रोज तेच प्रश्न आणि तीच उत्तरं. शेवटी शेवटी तर मी प्रश्न विचारायच्या आधीच ‘मरनाचं’ यायला लागलं.

तारखेला मीही बरोबर गेलो. धुळ्याचं कोर्ट भरलेलं होतं. आमचा वकील तरुण, तयारीचा. समोरचा वकील म्हातारा, केस पांढरे, पान खाल्लेलं. तो माझ्यासारखा गरजला नाही. पंपही नव्हता त्याच्याकडे. सावकाश चालत अक्कांच्या पिंजऱ्याशी आला, आणि सासरहून आलेल्या थोरल्या बहिणीला घरच्या ओट्यावर विचारावं तसं विचारलं, “अक्का, कशी शे आता तब्येत?”

“बरी शे, भाऊ,” अक्का म्हणाल्या.

बाकावर माझ्या शेजारी आबांच्या छातीतून एक आवाज निघाला. मी आयुष्यभर ब्रेक दुरुस्त केले, पण तसा आवाज कुठल्या ब्रेकने केला नाही.

“आनि हात? दुखस का?”

अक्कांनी हाताकडे बघितलं. दुसऱ्या कोणाचा तरी हात आपल्याकडे सांभाळायला ठेवलाय, तसं बघितलं. मग म्हणाल्या, “नही, भाऊ. दुखत नही.”

म्हातारा वकील खाली बसला. आमचा वकील धडपडत उठला. “अक्का, घरचं काम होतं का तुमच्याने?” आता भरल्या कोर्टात, परक्या पुरुषांच्या देखत, माझ्याने घरचं होत नाही असं म्हणणारी बाई आपल्याकडे अजून जन्मायची आहे. “व्हस ना,” अक्का म्हणाल्या. “बठ्ठं काम करस मी.” जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं, पेन थांबवलं, आणि स्वतः पुन्हा एकदा विचारलं. साहेबांना काहीतरी कळत होतं असं मला वाटतं. अक्कांनी पुन्हा तेच सांगितलं. मग ती खुशाली कोर्टाच्या कागदावर गेली.

आमच्या वकिलाने पुढच्या तारखेला दुसऱ्या एका डॉक्टरचा कागद आणून बघितला. म्हातारा एवढंच म्हणाला, की बाई शपथेवर बरी आहे म्हणाली, आणि त्यानंतर हे दुखणं कागदावर कुठून उगवलं? दावा फेटाळला गेला. व्यापाऱ्याच्या माणसाने निकालानंतर नारळ आणून दारात ठेवला. तो तिथेच सुकला.

आबा टपरीत बसत राहिले. एक दिवस फाटकाशी एका पोराच्या सायकलीला मोटर घासली. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. मी हातातलं टायर टाकून टपरीकडे बघितलं, आता आवाज येईल म्हणून. आबा पानाला चुना लावत होते. पोरगा उठला, ढोपरं झटकली, मोटरवाल्याला म्हणाला, “काही नाही हो, काही लागलं नाही,” आणि सायकल ढकलत गेला. आबांनी पानाची घडी केली, लवंग टोचली, गिऱ्हाइकाला दिलं. त्यानंतर मी त्यांना कधी धावताना बघितलं नाही. पुढे दोघं पाचोऱ्याला मुलीकडे गेली. टपरी दुसऱ्याने घेतली. टोपी खिळ्यालाच होती. नव्या माणसाने ती काढून त्या जागी देवाची तसबीर लावली. आबा गेल्याचं मला केळीच्या एका गाडीवानाकडून कळलं. मी तेव्हा पंक्चर काढत होतो. पंक्चर पुरतं काढून झाल्यावर मला काय ऐकलं ते आठवलं.

अक्कांच्या साक्षीच्या दिवसाचं थोडं राहिलं.

कोर्टातून आम्ही धुळ्याच्या बस-स्टँडवर आलो. जळगावची गाडी लागायची होती. मी तीन चहा आणले, काचेच्या ग्लासातून, चुलीवरून थेट उतरवलेले, उकळते. माझा ग्लास मी ह्या हातातून त्या हातात नाचवत होतो. आबांनी त्यांचा बाकावर ठेवून दिला. त्यांचं तोंड कोर्टाच्या दारापासून सुरू होतं. “किती शिकाडं. रोज शिकाडं. एक शब्द सांगना व्हता. दुखत नही म्हने. भर कोर्टात, दुखत नही.” अक्का गाडी कुठून येईल तिकडे बघत होत्या. त्यांचा ग्लास त्यांच्या उजव्या मुठीत होता, पाचही बोटं काचेभोवती घट्ट, आणि वरून वाफा निघत होत्या.

आबांचं बोलणं मध्येच थांबलं. ते त्या मुठीकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे करून ग्लास काढून घेतला, आणि चटका बसून तो त्यांच्या हातून खाली पडला, फुटला. अक्कांचा तळवा लालभडक झाला होता. आबांनी तो आपल्या हातात घेतला. अंगठ्याने दाबला. नखाने दाबला. जोरात चिमटा काढला. अक्का गाडीची वाट बघत होत्या.

“कधीपाईन?” आबांनी विचारलं. इतका बारीक आवाज त्यांना होता हे मला माहीत नव्हतं.

“पुलापाईन.”

“काहीच समजत नही?”

“काहीच नही.”

आबा बराच वेळ तो हात धरून बसले. गाडी आली, लोक धावले, मी पिशव्या उचलल्या.

“मग माले सांगं का नही?”

अक्कांनी डाव्या हाताने पदर सारखा केला आणि उठत म्हणाल्या, “तुम्ही इचारं नही.”